देगरायचं ओरण : वाळवंटाबद्दल जागं कुणाला करायचं?

जैसलमेर जिल्ह्यात देवीकोट, सांवता, रासला या गावांच्या पट्ट्यात देगराय मातेच्या नावाने राखलेलं एक ओरण, म्हणजे देवराईसारखं चराऊ रान, आहे. गावकऱ्यांच्या हिशेबाने ते सुमारे साठ हजार बिघ्यांचं, म्हणजे जवळपास दहा हजार हेक्टरचं. महसुली दप्तरात ओरण म्हणून चढलेली जमीन मात्र साधारण चोवीस हजार बिघेच. उरलेली 'सिवायचक', म्हणजे कुणाच्याही खात्यावर नसलेली सरकारी जमीन. कागदावर ती कुणाचीच नसल्यामुळे कुणालाही देता येते. गेल्या काही वर्षांत ती पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि त्यांची वीज वाहून नेणारे मनोरे यांच्या वाट्याला जाऊ लागली.

वाळवंटी परिसंस्थेबद्दल जनजागृती कशी होते आणि कुठे फसते, हे समजून घ्यायला या एका ओरणाचं प्रकरण पुरेसं आहे. आपल्याकडे जनजागृती म्हटली की तिची एक ठरलेली दिशा असते. शहरातल्या जाणत्यांनी गावात जायचं, फलक लावायचे, शाळेत चित्रकला स्पर्धा घ्यायची, गावकऱ्यांना पर्यावरणाचं महत्त्व 'पटवून' द्यायचं. थरच्या वाळवंटात गेल्या चार-पाच दशकांत जे घडलं ते पाहिलं तर ज्यांना वाळवंट कळत नव्हतं ती मंडळी गावात नव्हतीच. ती तहसील कचेरीत होती, प्रकल्पांच्या आराखड्यांवर बोट ठेवून जागा निवडणाऱ्यांत होती, आणि हिवाळ्यात सम गावच्या वाळूवर उंटावर बसून फोटो काढून परतणाऱ्यांत होती. या तिसऱ्या गटात मराठी पर्यटकही काही कमी नसतात. जैसलमेरचा किल्ला, समची वाळू, रात्री तंबूपुढचं कालबेलिया नृत्य एवढं झालं की आपलं राजस्थान 'करून' होतं.

जमीन कशी आहे

कोकणातली किंवा मावळातली देवराई आपल्या ओळखीची आहे. ओरणही देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथेही कुऱ्हाड चालत नाही, आणि कित्येक ठिकाणी वाळकी काटकीही घरी नेत नाहीत. पण देवराईत बहुधा गुरं घालत नाहीत. ओरण राखलेलं असतं तेच मुळी गुरांसाठी. देवीची जमीन म्हणून झाड तोडायचं नाही आणि नांगर लावायचा नाही, पण चराई सगळ्यांना खुली. देगरायच्या ओरणावर आजूबाजूच्या गावांचे उंट, शेळ्या-मेंढ्या आणि थारपारकर गाई हजारोंच्या संख्येने जगतात. हे ओरण सहाशे वर्षांपूर्वीचं असल्याचं गावकरी सांगतात. राजस्थानात अशी सुमारे पंचवीस हजार ओरणं असल्याचं सांगितलं जातं, लहान-मोठी सगळी धरून.

प्रथमच तिथे जाणाऱ्याची थोडी निराशाच होते. वाळूच्या लाटा दिसत नाहीत. दिसतं ते सपाट, खडेमिश्रित, पिवळट रान, अधूनमधून जाळाची (म्हणजे पीलूची) गोल झुडपं, केराच्या बिनपानी काटेरी फांद्या (हीच आपल्याकडची नेपती) आणि खेजडी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी म्हणजेच खेजडी. तिच्या शेंगांची सांगरी माणसं खातात आणि पाला, ज्याला तिथे लूंग म्हणतात, शेळ्या-उंट खातात. तोही उन्हाळ्यात, जेव्हा दुसरं काही हिरवं नसतं.

या सगळ्याचा आधार आहे सेवण गवत. ते जवळून पाहण्यासारखं आहे. वर्षातले आठ-नऊ महिने ते झाडूच्या मोडक्या काड्यांसारखं दिसतं, करड्या रंगाचं, हात लावला तर कडकड मोडणारं. कुणीही त्याला मेलेलं समजेल. पण खाली मुळांचं दाट जाळं वाळूला धरून बसलेलं असतं आणि बुंध्याशी जीव असतो. जैसलमेर भागात वर्षाचा पाऊस दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या घरात, तोही काही वर्षं दांडी मारणारा. एक चांगली सर झाली की त्याच मोडक्या काड्यांतून हिरवे कोंब निघतात. एकदा धरलेलं सेवणाचं ठोंब अनेक वर्षं टिकतं. त्याच्या आडोशाला नाकतोडे, भुंगेरे, सांडे (काटेरी शेपटीचे सरडे). त्यांच्या मागे वाळवंटी कोल्हा, रानमांजर आणि पक्षी. एकदा नांगर फिरला की ही बैठक मोडते, आणि मग दोन-चार पावसाळ्यांत ती परत येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

पाण्याचंही तसंच. ओरणात पाणी साठवण्याचे खड्डे, तळी असतात, त्यांना टोबा किंवा नाडी म्हणतात. टोब्यात ज्या उतारावरून पाणी वाहत येतं तो उतार म्हणजे आगोर. आगोरावर शौचाला बसायचं नाही आणि माती उकरायची नाही, हे दंडक तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. मनोऱ्याचा पाया किंवा प्रकल्पाचा रस्ता आगोरातून गेला की टोबा भरत नाही. महसुली नकाशावर आगोर बहुतेक वेळा नुसती मोकळी जमीन दिसते. तिच्यावरून वर्षातून चार-पाच वेळा पाणी वाहतं, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

शिकाऱ्यांनी पेटवलेली पहिली चळवळ

या रानातला सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी म्हणजे गोडावण, आपला माळढोक. उभा राहिला तर मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी जमिनीवरच, उघड्यावर, बहुधा वर्षाला एकच अंडं घालते.

या पक्ष्याच्या नावाने राजस्थानात पहिली मोठी जागृती झाली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आणि तिला निमित्त ठरला दुसराच पक्षी. सौदी राजघराण्यातल्या एका राजपुत्राचा शिकारी काफिला ससाणे घेऊन जैसलमेर भागात उतरला होता. त्यांना हवा होता तिलोर, माळढोकाचाच धाकटा भाऊबंद, थंडीत पाहुणा येणारा. जयपुरात लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शिकार थांबली. पाठोपाठ १९८० मध्ये जयपूरला माळढोककुळातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्याच वर्षी जैसलमेर-बाडमेरमधलं ३१६२ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय मरू उद्यान म्हणून जाहीर झालं. पुढल्याच वर्षी गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी झाला. त्याच सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने माळढोकाचा दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यात सोलापूरचं नान्नजही होतं.

जनजागृतीच्या दृष्टीने हे यश पाहण्यासारखं आहे. समाजमाध्यमं नव्हती, दूरचित्रवाणी नुकती रांगत होती, तरी दोन-तीन वर्षांत कायदा हलला आणि मोठं क्षेत्र राखीव झालं. माझ्या मते यामागचं मोठं कारण म्हणजे शत्रू डोळ्यांना दिसत होता. परदेशी राजपुत्र, हातावर ससाणा, आपल्या रानातला पक्षी. अशा चित्राला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण त्यातच पुढच्या अपयशाचंही बीज होतं. लोकांना पक्षी कळला, शिकार कळली, आणि ज्या रानावर तो पक्षी उभा होता ते मात्र चित्राच्या चौकटीबाहेरच राहिलं.

उद्यानाच्या आतली माणसं

नावात 'राष्ट्रीय उद्यान' असलं तरी कायद्याने ते अभयारण्यच आहे, कारण आत सत्तरहून अधिक गावं आहेत. गावांना सांगितलं गेलं ते थोडक्यात असं: रस्ता नको, विजेचे खांब नकोत, नळयोजना परवानगीशिवाय नको. ज्यांच्या बापजाद्यांनी ओरण राखलं, गोडावणाला कधी दगड मारला नाही, त्यांच्याच वाट्याला हे 'नको' आलं. गोडावण म्हणजे वीज न येण्याचं कारण, असं समीकरण काही गावांत पक्कं झालं.

हे आपल्याकडेही झालं. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं, शेतजमिनी, रस्ते सगळं आलं. खरा माळढोक होता तो नान्नजजवळच्या राखीव गवताळ कुरणांवर, आणि जमिनीच्या व्यवहारांवर, बांधकामावर सावट आलं ते करमाळ्यापासून श्रीगोंद्यापर्यंतच्या शेतकऱ्यांवर. तीसेक वर्षं कज्जे चालले आणि शेवटी २०१२ च्या सुमारास अभयारण्य १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळढोकही जवळजवळ गेला होता. आता नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. मध्य प्रदेशातल्या करेरा अभयारण्याची कथा याहून वाईट: जमीन विकता येईना म्हणून लोक चिडले, पक्षी नाहीसा झाला, आणि शेवटी अभयारण्याचा दर्जाच काढून घेतला गेला.

नान्नज आणि करेरा या दोन्ही ठिकाणी माहितीपत्रकांची किंवा व्याख्यानांची वाण नव्हती. लोकांना पक्ष्याची माहिती होती, म्हणूनच तर तो नकोसा झाला.

आकाशातली जाळी

देगरायच्या पट्ट्यात शत्रू बदलला तो दोन हजार सालानंतर. वारा भरपूर, ऊन वर्षभर, जमीन 'पडीक', वस्ती विरळ. पवनचक्क्या आल्या, मागोमाग सौर प्रकल्प. हे प्रकल्प वाईट हेतूने आले असं कुणी म्हणणार नाही. कोळसा कमी जाळायचा तर वीज कुठून तरी आणावीच लागेल, आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगरजीवाश्म वीजक्षमतेचं उद्दिष्ट देशाने जगापुढे ठेवलेलं आहे. म्हणूनच हे प्रकरण अवघड झालं. शिकारी राजपुत्राविरुद्ध उभं राहणं सोपं होतं. इथे समोर पर्यावरणाच्याच नावाने आलेला प्रकल्प होता.

माळढोकाचा आणि तारांचा संबंध सांगायला एक परिच्छेद पुरतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. गवतात चरताना मागून-बाजूने येणारा कोल्हा दिसावा यासाठी ते उत्तम, पण उडताना समोरचा भाग अगदी थोडा दिसतो. त्यात उडताना तो मान खाली करून जमीन न्याहाळतो. अंग जड असल्यामुळे तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरमधल्या सुमारे ४२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला अंदाजे चौऱ्याऐंशी हजार पक्षी तारांमुळे मरतात, सगळ्या जातींचे मिळून. त्यांत माळढोक अठराच्या आसपास. आणि माळढोक उरलेत किती? १९६९ चा अंदाज १२६० चा होता, २०१८ चा सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या जातीला दरवर्षी अठराची खोट परवडत नाही.

देगरायचं ओरण महत्त्वाचं ठरतं ते इथेच. जैसलमेरमध्ये माळढोक मुख्यतः दोन भागांत उरलेत. एक मरू उद्यानात, दुसरा पोकरण-रामदेवराच्या बाजूला, जिथे सेनेच्या गोळीबार सराव क्षेत्रामुळे माणसांची वर्दळ नाही. (अणुचाचणीमुळे देशाला ठाऊक झालेल्या पोकरणात सर्वांत सुरक्षित गवताळ रान उरावं, हा योगायोग मजेशीर आहे.) देगरायचा पट्टा या दोन भागांमधल्या ये-जा करण्याच्या वाटेवर येतो. सप्टेंबर २०२० मध्ये देगराय ओरणात एक माळढोक तारांना धडकून मेला.

फोन, दुधाची धार आणि पदयात्रा

यानंतर सांवता आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांनी जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. गुरं चारायला जाणारी ही मंडळी. तारांखाली पडलेलं गिधाड, गरुड, करकोचा, जे दिसेल त्याचे फोटो ते फोनवर काढू लागले. कोणता मनोरा, कोणती तारीख, कोणतं ठिकाण, सगळं पाठवू लागले: पत्रकारांना, अभ्यासकांना, वनखात्याला. चराईची रोजची फेरी हीच पाहणी झाली. बाहेरचा अभ्यासक महिन्यातून एकदा येतो, तोवर कोल्ह्या-कुत्र्यांनी मेलेला पक्षी ओढून नेलेला असतो. गुराखी रोज तिथे असतो.

त्यांची मागणी निव्वळ 'पक्षी वाचवा' अशी नव्हती. ते सांगत होते की ओरण गेलं तर उंट जाईल, उंट गेला तर घर जाईल, आणि त्याच ओरणात गोडावणही राहतो. पक्ष्यासाठी त्याग करा, असं कुणीही कुणाला म्हणत नव्हतं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोचलं. डिसेंबर २०२१ मध्ये देगरायच्या मंदिरापासून जैसलमेरच्या जिल्हाधिकारी कचेरीवर ओरण बचाओ पदयात्रा गेली. तिच्यात म्हातारी माणसं होती, शाळेतली पोरं होती, आणि कुणाच्याही हाती पक्ष्याचं चित्र नसतं तरी चाललं असतं.

ओरणाची हद्द आखायची एक जुनी रीत आहे. गावकरी ओरणाला फेरी घालतात आणि वाटेने दुधाची धार धरतात. जी जमीन धारेच्या आत, ती देवीची. आता त्याच फेरीत फोनवर हद्दीचे बिंदूही टिपले जातात. मला यात विरोधाभास दिसत नाही. दुधाची धार गावाला पटते, बिंदूंचा नकाशा न्यायालयाला पटतो, आणि चळवळीला दोन्ही लागतात. राजस्थानात झाडासाठी मरणाऱ्यांची परंपरा आहे. १७३० मध्ये खेजडलीत ३६३ बिश्नोई खेजड्या वाचवताना मारले गेले. ही कथा प्रत्येक भाषणात येते आणि टाळ्या मिळवते. पण सात-बारासारख्या कागदावर जमिनीचं नाव बदलून घेण्याचं कंटाळवाणं काम भाषणात बसत नाही, आणि देगरायला खरी लढाई त्याच कामाची होती.

शहरात काय पोचलं

याच काळात शहरांतही गोडावण पोचत होता, वेगळ्या रूपाने. फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतरित वन्यजीवांच्या संरक्षणासाठीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचा शुभंकर होता 'गिबी' नावाचा हसरा माळढोक, आणि तिथे या पक्ष्याला सर्वोच्च संरक्षण यादीत जागाही मिळाली. समला कृत्रिम प्रजनन केंद्र सुरू झालं. २०१९ मध्ये रानातून आणलेल्या अंड्यातून पहिलं पिल्लू निघालं, त्याचं नाव 'उनो'. मग रामदेवराला दुसरं केंद्र आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रामदेवराच्या नराचं वीर्य सुमारे दोनशे किलोमीटर लांब समला नेऊन कृत्रिम रेतनाने पहिलं पिल्लू जन्मलं आणि त्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांतही झळकली. या कामाला मदत करणारी अबुधाबीची संस्था तिलोराचं प्रजनन करण्यासाठी उभी राहिलेली, म्हणजे ससाण्यांच्या शिकारीची परंपरा टिकावी म्हणूनच. १९७८ च्या आंदोलकांना हे ऐकून हसू आलं असतं की राग, कोण जाणे. गोडावणाच्या नावाची व्हिस्कीदेखील बाजारात आहे.

प्रजनन केंद्राचं काम उत्तम आहे, यात शंका नाही. साठाहून अधिक पक्षी आज तिथे आहेत आणि तो ठेवा नसता तर ही जात वाचण्याची आशाच उरली नसती. पण जनजागृती म्हणून या बातम्यांनी वाचकाच्या मनात एक पिल्लू बसवलं, इनक्युबेटरमधलं. पिल्लू मोठं होऊन कुठे सोडणार, हा प्रश्न बातमीच्या शेवटच्या ओळीत किंवा त्याच्याही पलीकडे. सेवण कुणाच्या बातमीत आलं नाही. टोबा, आगोर तर नाहीच.

याहून मोठा गोंधळ 'वाळवंट रोखा' या घोषणेने घातलाय. दरवर्षी १७ जूनला वाळवंटीकरण आणि दुष्काळाविरुद्धचा जागतिक दिवस पाळला जातो. चांगली जमीन बिघडून निरुपयोगी होणं म्हणजे वाळवंटीकरण. थर मात्र काही बिघडलेली जमीन नव्हे, ते हजारो वर्षांचं नैसर्गिक वाळवंट आहे, जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. शाळेतल्या फलकावर दोन्ही एकच होतात, आणि मुलाच्या मनात पक्कं बसतं की वाळवंट हा रोग आहे आणि झाड हे औषध. या समजुतीपोटीच थरमध्ये विलायती बाभूळ पसरली, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो. हिरवळ दिसली खरी, पण तिच्याखाली सेवण उगवत नाही आणि उघड्या रानात लांबवर पाहून जगणाऱ्या माळढोकाला तिची दाटी सोसत नाही. इंदिरा गांधी कालव्याने पाणी आणलं, लाखो लोकांची तहान आणि शेती त्यावर उभी राहिली, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण कालव्याच्या पट्ट्यातलं सेवणाचं रान नांगराखाली गेलं तेव्हा कुणी त्याला हानी म्हटलं नाही. 'वाळवंट हिरवं केलं' असंच म्हटलं.

देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात वाळूची जमीन आणि झुडपी रान हे दोन्ही प्रकार पडीक म्हणूनच मोजले जातात. एखाद्या अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात जो तक्ता आहे त्यात सेवणाच्या रानाला रकानाच नाही. आपल्याकडे माळरानांचं, गायरानांचं तेच. पुण्या-सोलापूरच्या पट्ट्यातला लांडगा, काळवीट ज्या माळावर जगतात तो माळ वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला नेहमीच 'मोकळा' सापडतो.

न्यायालयांची वाट

कायद्याचा मार्ग लांब निघाला. निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात कमी दाबाच्या तारा जमिनीखाली घ्या, उच्चदाबाच्या तारांबाबत समिती पाहील, असा आदेश दिला. ऊर्जा क्षेत्रात खळबळ उडाली, सरकारने आदेश बदलून मागितला. २१ मार्च २०२४ च्या निकालात सरसकट बंदी मागे घेतली गेली, तज्ज्ञ समिती नेमली गेली, आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेत असल्याचं मान्य झालं. पुढे १९ डिसेंबर २०२५ च्या निकालाने राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर हे प्राधान्य क्षेत्र मान्य झालं. तिथे नव्या पवनचक्क्या आणि दोन मेगावॉटहून मोठे नवे सौर प्रकल्प नकोत, आणि नव्या तारा ठरवून दिलेल्या मार्गांनीच न्यायच्या, असं ठरलं.

९९ हजारांवरून जेमतेम पंधरा हजारांवर येणं काहींना माघार वाटली. मला तसं वाटत नाही. नान्नजचा धडा समोर असताना, पाळता न येणाऱ्या मोठ्या आकड्यापेक्षा पाळता येईल असा छोटा आकडा बरा, अर्थात तो खरोखर पाळला गेला तर.

ओरणांसाठी महत्त्वाचा निकाल वेगळाच, १८ डिसेंबर २०२४ चा. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने राजस्थान सरकारला राज्यातल्या देवरायांचं, म्हणजे ओरणांसह सगळ्याच देवराखीव रानांचं, जागेवर जाऊन आणि उपग्रहाद्वारे सर्वेक्षण करायला, त्यांना वन म्हणून ओळखायला आणि वन्यजीव कायद्याखाली सामुदायिक राखीव क्षेत्राचं संरक्षण द्यायला सांगितलं. आकारापेक्षा त्या जागेचं सांस्कृतिक आणि पर्यावरणीय महत्त्व पाहा, असंही सांगितलं.

जैसलमेर-बाडमेरच्या गावांत या बातमीचं स्वागत झालं तसाच एक धाकही बसला. ओरण 'वन' झालं तर चराईचं काय? देवीच्या रानातून लाकूड न्यायचं नाही हे मान्य, पण उंट आत घालायला उद्या परवाना लागणार का? मेंढ्या आत दिसल्या म्हणून दंड होणार का? ओरणांना मानीव वन ठरवण्याच्या राज्य सरकारच्या प्रस्तावावरही २०२४ च्या सुरुवातीला गावांनी हीच हरकत घेतली होती. मरू उद्यानाचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसांना ही शंका यावी यात नवल काही नाही. सेवण आणि चराई यांचं नातंही नुसत्या बंदीने सुटत नाही. अति चराईने सेवण संपतं हे खरं, पण किती गुरं, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूला, हे ठरवण्याची गावची रीत मोडली तर तिची जागा घ्यायला वनखात्याकडे एवढे रक्षकही नाहीत.

गावकऱ्यांची मागणी आता दोन वाक्यांत मावते. महसुली नोंदीत जमीन सिवायचक नव्हे, ओरण म्हणून चढावी, पूर्ण साठ हजार बिघे. आणि तिच्यावरची चराईची वहिवाट त्याच नोंदीत लिहावी. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे दिल्ली-जयपूरच्या सभागृहांत यावर परिसंवाद होतील, फलक लागतील. सर्वेक्षण मात्र पटवाऱ्याला करायचंय, आणि आगोर कुठून सुरू होतो, जुनी हद्द कोणत्या खेजडीपाशी वळते, हे त्याला दाखवायला बरोबर कुणाला घेतलं जातं यावर देगरायच्या उरलेल्या छत्तीस हजार बिघ्यांचं भवितव्य ठरणार आहे.